मालक तुम्हीच, बाकी आम्ही बघतो

प्रति,
मा. अटी व शर्ती लेखक महोदय,
पानाच्या अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत

स. न. वि. वि.

मराठी लेखकाला वाचक मिळत नाही, अशी ओरड कायमची आहे. आपली गोष्टच वेगळी. आपले लेखन कोणी वाचत नाही, तरीही येणारा प्रत्येक जण ‘वाचले, मान्य आहे’ असे लिहून देऊन पुढे जातो. ज्ञानपीठ मिळालेल्यांनाही हे भाग्य लाभलेले नाही. 2010 साली एक एप्रिलला ब्रिटनमधल्या गेमस्टेशन या दुकानाने ऑनलाइन अटींत एक कलम घुसडले होते, की ग्राहकाचा अमर आत्मा यापुढे दुकानाच्या मालकीचा. ज्याला हे नको, त्याने फक्त चौकटीत खूण करायची होती, वर पाच पौंडांचे कूपनही मिळणार होते. साडेसात हजार गिऱ्हाइकांनी आत्मा देऊन टाकला.

आम्ही चर्चास्थळांवरची मंडळी तेवढे उदार नाही. आम्ही किरकोळ गोष्टी देतो. अळूचे फतफते घशाला खाजू नये म्हणून काय करावे, पावसात गडावर कोणत्या वाटेने जाऊ नये, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात कोणता प्रवास टाळावा. पण हल्ली काही आगाऊ सदस्य विचारू लागले आहेत, की हे उद्या कोणी पुस्तकात छापले तर चालेल का? नाव द्यावे लागेल का? भाषांतर? पैसे घेऊन? अशा लोकांना आपण मुळीच दाद देऊ नये, हे विनवण्यासाठी हा पत्रप्रपंच.

‘आशयाची मालकी सदस्याकडेच राहील’ हे आपले वाक्य वाचून मला दरवेळी गहिवरून येते. त्यानंतरचे वाक्य वाचेपर्यंत तो गहिवर टिकतो. त्यात आम्ही आपल्याला जगभर, कायमचा, विनामूल्य, परत न घेता येणारा, तिसऱ्याला देता येणारा आणि हवा तसा फेरफार करण्याचा हक्क देऊन बसलेलो असतो. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून नाव आमचे, आणि शेजारच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँक, सोसायटी, कूळ, विहिरीचा हिस्सेदार, सगळे आपणच!

विशेषणांची ही माळ काही हौसेने गुंफलेली नाही, हे मी जाणतो. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 19 म्हणते, की हक्क किती काळासाठी दिला ते लिहिले नसेल तर तो पाच वर्षांपुरता धरावा, आणि कुठे वापरायचा ते लिहिले नसेल तर भारतापुरता. परवान्यालाही हाच नियम. म्हणजे लेखक गप्प राहिला तर कायदा लेखकाच्या बाजूने बोलतो. तो बोलू नये म्हणून आपल्याला इतके बोलावे लागते. केवढे कष्ट!

अटी उघडपणे मांडल्या तर काय अनर्थ होतो, ते स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर-स्थळाने भोगले आहे. 2008 पासून तिथली प्रश्नोत्तरे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहेत. कोणीही घ्या, विका, बदला. मात्र मूळ लेखकाचे नाव द्या आणि बदललेले लेखन त्याच अटींवर पुढे द्या. इतके सोपे लिहून ठेवले, तर लोक ते वाचणारच. सप्टेंबर 2019 मध्ये कंपनीने जाहीर केले, की आता सगळा मजकूर, जुनासुद्धा, परवान्याच्या 4.0 आवृत्तीखाली. लगेच सदस्य उभे राहिले. मी दिले तेव्हा 3.0 होती, मला कोणी विचारले? शेवटी कोणत्या तारखेचा मजकूर कोणत्या आवृत्तीखाली, हे कंपनीला दाखवावे लागले. उघड लिहिलेली अट लिहिणाऱ्यालाही बांधते, ही तिच्यातली मोठीच खोट.

विकिपीडियाने तर ताळतंत्रच सोडले. 2009 मध्ये परवाना बदलायचा होता, तर चक्क सदस्यांचे मतदान घेतले. वर, आपण हे लेखन कोणत्या परवान्याखाली देत आहात आणि ते परत घेता येणार नाही, हे जतन करण्याच्या बटणालगतच लिहून ठेवले आहे. खाली स्क्रोलसुद्धा करावे लागत नाही.

धूसरपणाची खरी किंमत कळली ती 2024 मध्ये. रेडिट या चर्चास्थळाने सदस्यांचा मजकूर गूगलला एआय शिकवायला वापरू देण्याचा करार केला. वर्षाला सुमारे सहा कोटी डॉलर, असे बातम्यांत आले. मालक अर्थातच सदस्य, फक्त धनादेश त्यांच्या नावाचा नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी तशीच हातमिळवणी केली, तेव्हा काही जण चिडून आपली उत्तरे पुसू लागले. ती परत जागेवर आली आणि काहींची खाती निलंबित झाली. इथे मी नाइलाजाने कंपनीच्या बाजूचा आहे. परत न घेण्याच्या बोलीवर दिलेले परत मागता येत नाही. पण त्याच परवान्यात नाव देण्याचीही बोली होती. यंत्राने हजारो उत्तरे घुसळून एक उत्तर काढले, तर त्याखाली नावे कोणाची? पुसणारे चुकले असतील, त्यांचा प्रश्न चुकलेला नव्हता. सुदैवाने आपल्या अटींत नाव देण्याचा उल्लेखच नसल्याने आपल्यावर हा प्रसंग येणार नाही.

आमच्या मराठी गोतावळ्याची तर आपण चिंताच करू नये. आम्ही ‘व्हॉट्सॲपवरून साभार’ लिहून कोणाचेही काहीही पुढे ढकलतो, लेखकाचे नाव वाटेत कुठेतरी गळते. कॉपीराइट विकून टाकला तरी आपल्या लेखनावर आपले नाव सांगण्याचा हक्क लेखकाकडे राहतो, असे कलम 57 म्हणते. पण कुटुंबाच्या ग्रुपवर कलमे कोण काढतो? आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी एकच नियम ठळक असतो, ‘लेखनाची जबाबदारी सर्वस्वी लेखकाची’. जबाबदारी कोणाची ते लख्ख, हक्क कोणाचा ते गुलदस्त्यात. याहून सोयीची वाटणी कोणत्याही वकिलाला सुचणार नाही.

तेव्हा लेखन कोणत्या परवान्याखाली दिले जाते, ही एक ओळ ‘प्रकाशित करा’ या बटणाशेजारी कृपया लिहू नये. अटी बदलल्या तर जुन्या अटी आणि त्यांच्या तारखा ठेवू नयेत. कोणी मराठीत विचारलेच, तर इंग्रजी मसुदाच ग्राह्य धरला जाईल, असे कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आशयाचा एकमेव मालक

ता. क. हे पत्र आपल्याच स्थळावर टाकत असल्याने त्यात फेरफार करण्याचा हक्क आपल्याला मिळालेलाच आहे. थोडी काटछाट केलीत तर याचे खरेखुरे अभिनंदनपत्र होईल. माझी हरकत नाही. फक्त खाली माझे नाव ठेवायचे की काढायचे, ते आपल्या अटींत सापडले नाही.