आदामाबाबत खुलासा

१९२५ सालच्या मे महिन्यात टेनेसी राज्यातल्या डेटन या आडगावी, रॉबिन्सन नावाच्या औषधविक्रेत्याच्या दुकानात गावातली चार कर्ती मंडळी जमली. कोळशा-लोखंडाच्या धंद्याला उतरती कळा लागली होती, माणसं गाव सोडून चालली होती, तेव्हा काहीही करून डेटनचं नाव पेपरात यायला हवं होतं. त्याच वर्षी राज्याने कायदा केला होता की, माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असं सरकारी शाळेत शिकवायचं नाही. या कायद्याला आव्हान देणारा शिक्षक मिळाला तर खटल्याचा भार आम्ही उचलू, असं एका नागरी हक्क संघटनेने जाहीर केलं होतं. मंडळींनी जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या पोराला टेनिस खेळता खेळता बोलावून घेतलं. हा मुळात फुटबॉलचा प्रशिक्षक, जीवशास्त्राचे मास्तर नव्हते तेव्हा त्यांचा वर्ग सांभाळलेला. आपण उत्क्रांती शिकवली की नाही हे त्यालाही धड आठवत नव्हतं. पण गावासाठी आरोपी व्हायला तो तयार झाला.

ज्या पुस्तकातून हा गुन्हा घडला ते सरकारमान्य पाठ्यपुस्तक होतं. ते विकायला होतं रॉबिन्सनच्याच दुकानात. आणि शाळा मंडळाचे अध्यक्ष होते खुद्द रॉबिन्सन. आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांनी डेटनची एक वारी करायला हरकत नाही.

खटला म्हणजे जत्राच भरली. कोट घातलेला एक चिंपांझीसुद्धा गावात आणला गेला. सरकारी बाजूने उभे राहिले विल्यम जेनिंग्ज ब्रायन. अध्यक्षपदाची निवडणूक तीनदा लढून तीनदा हरलेले, काही काळ परराष्ट्रमंत्री राहिलेले, आणि बायबलच्या बाजूने बोलायला उभे राहिले की मैदान मारणारे. समोर क्लॅरेन्स डॅरो हा बिलंदर वकील. २० जुलैला उकाडा आणि गर्दी इतकी झाली की मजला खचेल या भीतीने कोर्ट बाहेर हिरवळीवर भरवलं. तिथे डॅरोने अफलातून डाव टाकला. बायबलचे जाणकार म्हणून प्रतिपक्षाच्या ब्रायन यांनाच साक्षीदार म्हणून बोलावलं, आणि तेही आले! योनाला माशाने खरंच गिळलं का, यहोशवाने सूर्य खरंच थांबवला का, काइनला बायको कुठून मिळाली, अशी सरबत्ती झाली. ब्रायन बऱ्यापैकी टिकले. पण सृष्टीच्या सहा दिवसांवर गाडी आली तेव्हा म्हणाले की ते दिवस चोवीस तासांचेच असतील असं काही नाही, दीर्घ कालखंडही असू शकतील. वाचकहो, एवढं लक्षात ठेवा.

ज्यूरीला निकालाला नऊ मिनिटं पुरली. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला. तोही पुढे वरच्या कोर्टात टिकला नाही, कारण दंडाची रक्कम ज्यूरीऐवजी न्यायाधीशांनी ठरवली होती. देव, डार्विन आणि माकड यांच्या महायुद्धाचा शेवट असा कारकुनी चुकीवर झाला. ब्रायन मात्र त्याआधीच गेले. खटल्यानंतर पाचव्या दिवशी, रविवारी, जेवून डेटनमध्येच दुपारचे आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १९३० साली त्याच गावात कॉलेज निघालं. तेच ब्रायन कॉलेज.

या कॉलेजला सनद आहे आणि सनदेत श्रद्धापत्र. देवाच्या आज्ञेने, बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे माणूस निर्माण झाला, देवाच्या प्रतिरूपात झाला, अशा अर्थाचं कलम त्यात आहे. शिकवणाऱ्याने त्यावर दरवर्षी सही करायची. ऐंशी वर्षं लोक सह्या करत आले. देवाने मातीला एका फटक्यात माणूस केलं असं मानणाऱ्याने सही केली. देवाने सावकाश, वाटेत चार प्राण्यांकडे मुक्काम करत माणूस घडवला असं मानणाऱ्यानेही त्याच ओळीखाली सही केली. दोघंही रविवारी चर्चला गेले, सोमवारी वर्गावर गेले. कुणाचं काही बिघडलं नाही, हीच बहुधा विश्वस्तांना खुपलेली गोष्ट.

२०१४ साली विश्वस्तांनी ठरवलं की एवढी मोकळीक बरी नव्हे. पण अडचण अशी की श्रद्धापत्रात बदल करायला सनदेतच बंदी. आपल्या मंत्रालयात अशा प्रसंगी खुलासा काढतात. मूळ निर्णयाला धक्का नाही, स्वल्पविरामही हलत नाही, नुसतं ‘असे स्पष्ट करण्यात येते की’ म्हणायचं आणि मागून हत्ती आत घ्यायचा. ही विद्या टेनेसीतही पोचली आहे. खुलासा निघाला: आदाम आणि हव्वा या ऐतिहासिक व्यक्ती आहेत, देवाने त्यांना खास कृतीने घडवलं आहे, आधीच्या कुठल्याही जीवापासून नव्हे. बदल काहीच नाही. आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत होतो, तुम्हाला ऐकू आलं नाही. आता नव्या करारावर सही करा.

प्राध्यापकांनी अध्यक्षांवर अविश्वासाचा ठराव आणला. तीस विरुद्ध दोन. (त्या दोघांना मी मानतो. एवढ्या गर्दीत हात वर न करायलाही हिंमत लागते.) विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम काढली. दोघा प्राध्यापकांनी कोर्टात जाऊन सांगितलं की, सनदेत बदल करता येत नाही आणि हा बदलच आहे. नास्तिकांची फौज म्हणावी तर तसंही नाही. बायबल उशाशी घेऊन झोपणारी माणसं ती, एका उपवाक्यावर अडली. त्या वर्षी बरेच जण कॉलेज सोडून गेले. अध्यक्ष पुढेही काही वर्षं खुर्चीवर होते.

निदान ब्रायन कॉलेजमध्ये भांडण उत्तरावरून होतं. ओहायोतल्या सीडरव्हिल विद्यापीठात उत्तर बरोबर असूनही माणूस गेला. २०१२च्या सुमारास तिथे धर्मशास्त्राचे एक प्राध्यापक होते. आदाम आणि हव्वा ऐतिहासिक होते, हे त्यांना मान्य. मग बिनसलं कुठे? तर ते उत्पत्तीच्या पुस्तकाच्या अर्थावरून तसं मानत नव्हते, इतर धर्मशास्त्रीय कारणांनी मानत होते. विद्यापीठाने खास निवेदन काढून सांगितलं की, यांची निष्ठा शंकास्पद नाही, पवित्र शास्त्रावरची श्रद्धा शंकास्पद नाही, शिक्षकही उत्तम आहेत. आणि निरोप दिला. शाळेत गणिताच्या पेपरात रीत चुकली तरी उत्तराचा अर्धा मार्क मिळायचा.

यावरून सीडरव्हिल फक्त मवाळांना हाकलतं असा समज नको. २००७ साली याच विद्यापीठाने बायबल विभागातल्या एका कायम प्राध्यापकाला घरी बसवलं होतं. त्यांची चिंता बरोब्बर उलटी होती, विभागाची विचारधारा ढिली पडते आहे अशी. म्हणजे डावीकडे झुकलात तर खड्डा, उजवीकडे झुकलात तर खड्डा. ताठ मधोमध उभं राहावं तर मध्यरेषा कुठे आहे ते पुढच्या बैठकीत ठरणार.

शिकागोजवळचं व्हीटन हे अशा प्रॉटेस्टंट कॉलेजांतलं सर्वांत नामांकित. स्थापना १८६०, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या लोकांच्या हातून. उगाच नाव ठेवावं असं घराणं नव्हे. तिथे तत्त्वज्ञानाचे एक तरुण प्राध्यापक थॉमस अक्वायनसचे विचार शिकवत. हा तेराव्या शतकातला कॅथलिक चर्चचा महापंडित. २००४ साली प्राध्यापकांनी स्वतःच कॅथलिक पंथ स्वीकारला. श्रद्धापत्रावर सही करायला ते राजी होते, त्यातला शब्द न् शब्द आपल्याला मान्य आहे म्हणत होते. कॉलेज म्हणालं, कॅथलिक माणसाने केलेली सही मनापासूनची असूच शकत नाही. अक्वायनस शिकवावा, पटवून घेऊ नये.

तिथल्याच राज्यशास्त्राच्या प्राध्यापक लारिशा हॉकिन्स. कायम नेमणूक मिळालेल्या व्हीटनच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. डिसेंबर २०१५मध्ये मुसलमानांविरुद्ध वातावरण तापलं होतं, तेव्हा त्यांनी नाताळपर्यंत हिजाब घालायचं ठरवलं आणि फेसबुकवर लिहिलं की आपण एकाच देवाची भक्ती करतो. आपल्याकडे हे वाक्य शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षिसालाही पुरत नाही. तिथे बाई पाच दिवसांत सक्तीच्या रजेवर. हिजाबाला आमची हरकत नाही, हरकत आहे ती ‘एकाच’ला, असं कॉलेजने समजावलं. पुढे ज्या अधिकाऱ्याने बडतर्फीची शिफारस केली होती त्याने ती मागे घेतली, बाईंची माफी मागितली. माफी झाली, समेट झाला, आणि बाई नोकरीतून गेल्या.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला काय करायचंय? ज्याचं चर्च त्याचे नियम. खरं आहे. तिथे पढवायला कुणी मानेवर सुरी ठेवून नेत नाही. धार्मिक संस्थांनी आपले धर्मशिक्षक कोण असावेत ते आपण ठरवावं, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एका लुथरन शाळेच्या खटल्यात एकमताने दिला, आणि मला तो पटतो. ज्या संस्थेला कशाचंच सोयरसुतक नाही तिच्यापेक्षा कशावर तरी ठाम असलेली संस्था बरी. माझा आक्षेप मताला नाहीच. आधी सही घ्यायची, वीस वर्षं राबवून घ्यायचं, घर-कर्ज-मुलांची शाळा सगळं त्या गावात रुजू द्यायचं आणि मग सहीच्या वर एक ओळ वाढवायची, याला आहे. नवी अट नवीन येणाऱ्यांना लावा की. तेवढंही धारिष्ट नाही, म्हणून बदलाला बदल म्हणायचं नाही.

शिवाय ही ओळ दरवेळी स्वर्गातूनच उतरते असंही नाही. फी भरणारे आईबाप असतात, देणगीदार असतात. कुठलं कॉलेज ‘सुरक्षित’ आणि कुठलं ‘तडजोड’वालं याच्या याद्या डोक्यात घेऊन ते फिरतात. केन हॅम नावाच्या गृहस्थांनी तर ख्रिस्ती कॉलेजांची अशी पाहणी करून २०११ साली सहलेखकासह पुस्तकच काढलं. हे तेच, ज्यांच्या संस्थेने २०१६ साली केंटकीत नोहाची ५१० फुटी नौका उभारली, आत डायनासोरसुद्धा बसवले. पुढे अतिवृष्टीने तिकडचा रस्ता खचला तेव्हा नौकावाल्यांनी विमा कंपन्यांवर दावा ठोकला. नौकेला काही झालं नव्हतं, हे नोहाच्या बाजूने नमूद करायला हवं.

वाद घालण्याची दुसरीही तऱ्हा असते. आपल्या पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत-शिकवत होत्या. पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन हैराण झाल्या, बिशपांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी मात्र बाईंना लांबलचक पत्रं लिहिली, शंकांना शंका म्हणून उत्तरं दिली. हा जुना उद्योग झाला. वेळ फार जातो त्यात.

तेव्हा कल्पना करा, २०१४ साल आहे, ब्रायन कॉलेजात मुलाखती चालल्या आहेत आणि एक टकले, भारदस्त गृहस्थ ताडाच्या पानाच्या पंख्याने वारा घेत आत येतात.

“नाव?”

“विल्यम जेनिंग्ज ब्रायन.”

“आदाम-हव्वा ऐतिहासिक?”

“अर्थात.”

“आधीच्या जीवापासून नव्हेत?”

“त्यासाठीच तर मी कोर्टात उभा राहिलो.”

विश्वस्त खूश. एकाने सहज विचारलं, “सृष्टी सहा दिवसांत झाली ना?”

“झाली. पण दिवस चोवीस तासांचाच असेल असं काही नाही.”

खोलीत शांतता. अध्यक्ष वकिलाकडे बघतात, वकील सनद चाळतात. दिवसाच्या लांबीबद्दल यंदाच्या खुलाशात काही नाही, त्यामुळे उमेदवार तूर्त पात्र आहे, असं ते कानात सांगतात. एक वर्षाचा करार देऊन गृहस्थांना बाहेर बसवलं जातं.

“पण असल्या माणसाचं नाव आपल्या कॉलेजला?” एक देणगीदार विश्वस्त घाम पुसत म्हणतात. “बदलून टाकू.”

“नाव बदलता येणार नाही,” अध्यक्ष म्हणतात. “हे ब्रायन म्हणजे ते ब्रायन नव्हेत, एवढं स्पष्ट करता येईल.”