पत्रास कारण की, क्र्वासाँ

कॅफेच्या काउंटरवर उभं राहून इतरांचे उच्चार सुधारणाऱ्या तमाम सद्गृहस्थांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा आपलं कार्य जवळून पाहण्याचा योग आला. काउंटरमागच्या मुलीने काचेआड बोट दाखवत "सर, क्रॉइसंट गरम करून देऊ का?" एवढंच विचारलं होतं. आपण काढलेलं पाकीट पुन्हा खिशात ठेवलंत, चष्मा वर सरकवलात आणि तिला समजावलंत की शेवटचा 'ट' फ्रेंच माणूस उच्चारत नाही, 'र' घशातून यावा लागतो आणि 'साँ' नाकातून. बिचारीने नाकातून म्हणून दाखवलं. आपण म्हणालात, "पुन्हा." मागे रांग होती आणि रांगेत मी होतो. शिक्षणप्रसारासाठी महाराष्ट्राने एवढं सोसलंय, त्यात आमचा खोळंबा तो काय! आपल्यानंतर एका आजींचा नंबर आला. त्या म्हणाल्या, "ते शिंगासारखं दिसतंय ना, ते एक दे गं." मुलीने दिलं. आपण तोवर टेबलाकडे गेला होतात म्हणून आजी वाचल्या.

आपली तळमळ खरी आहे याबद्दल शंका नाही. तक्रार आहे ती आपण फार लवकर थांबता याची. आता हाच पदार्थ घ्या. फ्रेंचांच्या आधी तो ऑस्ट्रियाचा. व्हिएन्नात त्याला 'किप्फर्ल' म्हणत. आउगुस्ट त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८३०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तिथून तो पॅरिसकरांच्या तोंडी लागला आणि त्यांनी त्याला आपल्या भाषेतलं चंद्रकोरीचं नाव देऊन टाकलं. मूळ नाव नीट म्हणायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. तेव्हा आपण आधी पॅरिसला जाऊन तिथल्या काउंटरवर हा विषय काढावा हे उत्तम. भाड्याची वर्गणी आम्ही रांगेतले लोक आनंदाने काढू.

ते जमेपर्यंत इथेही काम पडलंय. नाकाचा प्रश्न आपल्याला जिव्हाळ्याचा आहे, म्हणून वडापावच्या गाडीपासून सुरुवात करावी. पाव हा शब्द पोर्तुगीज, आणि पोर्तुगीज माणूस तो 'पाँव' असा भरघोस नाकातून म्हणतो. चारशे-साडेचारशे वर्षं आपण तो अनुनासिक खुशाल गाळतो आहोत आणि कुणाला लाज नाही. उद्या सकाळी गाडीवर जाऊन "दोन वडापाँव, चटणी जास्त" असं म्हणावं. गाडीवाला आधी सर्दीची चौकशी करील, पण आपण मागे हटू नये.

मग मंडई. तिथे सगळा अनाचारच आहे. 'बटाटा' पोर्तुगीजांनी आणला, पण शब्द त्यांचाही नव्हे. तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ रताळं. म्हणजे शुद्धतेचा आग्रह धरायचा तर बटाटे मागून रताळी पिशवीत घ्यायला हवीत. दोन्ही उपासाला चालतात, तेवढाच दिलासा. टोमॅटो मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेत 'तोमात्ल'. काजू आणि अननस ब्राझीलच्या तुपी लोकांकडून पोर्तुगीजांमार्फत आले. कोबी पोर्तुगीजमध्ये 'कोव्ह'. "एक कोव्ह द्या" असं म्हणून पाहा. भाजीवाली म्हणेल, "कोवळाच आहे की दादा, हात लावून बघा." परत येताना वाण्याकडे ग्लुकोजची 'बिस्क्वी' मागायला विसरू नका. फ्रेंच उच्चार तोच आहे, शेवटचा 'ट' तिथेही नाही.

लग्नसराईत आपल्याला श्वास घ्यायला फुरसत मिळू नये. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात फुसफुसणाऱ्या यंत्रावर 'एक्स्प्रेसो' मिळते. भरपूर दूध, वाफेने फुगवलेला फेस आणि वर चॉकलेटची भुकटी. इटालियन शब्द 'एस्प्रेसो', त्यात 'क्स' नाही हे आपण सांगालच. (फ्रेंच लोकही सर्रास 'क्स' लावतात, पण ते एक असो.) फक्त उच्चारापाशी थांबू नका. खरी एस्प्रेसो म्हणजे जेमतेम २५-३० मिलीलीटर काळी, कडू, बिनदुधाची कॉफी. ती वरपक्षाला पाजून दाखवा. उच्चार आपला, पुढची मध्यस्थी मामांनी करावी.

गोव्यात मात्र जरा जपून. तिथे मेनूकार्डावर रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं असतात, आणि त्या वळणात 'एक्स'चा उच्चार 'श' होतो. आमची पुण्या-मुंबईची मंडळी ते इंग्रजी समजून वाचतात आणि 'झाकुटी' मागवतात. वेटर वहीत मुकाट्याने लिहून घेतो आणि शाकुती आणून ठेवतो. कुणाला 'रिचिडो' हवं असतं, त्याच्यापुढे रेशादचा लाल मसाला भरलेला बांगडा येतो. गिऱ्हाईक बोटं चाटतं, वेटर बिल आणतो, शिकवणी होत नाही. आपल्याला हे बघवणार नाही, मी जाणतो. विंदालूचं तर विचारूच नका. ते मूळचं पोर्तुगीज 'व्हीन्य दाल्युश', म्हणजे वाइन आणि लसूण. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरेचा व्हिनेगर आला, आणि पुढे दूरदेशीच्या हॉटेलवाल्यांनी नावातलं 'आलू' ऐकून त्यात बटाटे घातले. लसणाचा बटाटा झाला तो उच्चारापायीच. इथे आपली खरी गरज होती आणि नेमके आपण तिथे नव्हता.

आता थोडं वाईट वाटून लिहितो. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात आपण बेधडक "एक मसाला डोसा" म्हणता. कानडी माणूस 'दोसे' म्हणतो, तमिळ माणूस 'दोसै'. दोघांचाही 'द' दातांचा, दोघांच्याही शेवटी 'आ' नाही. तिथे आपला चष्मा वर सरकत नाही. 'हालापेन्यो' चुकला की ठसका लागतो, 'किन्वा'ला कुणी 'क्विनोआ' म्हटलं की आपण त्याला कोपऱ्यात घेता, आणि उत्तप्पा मात्र कसाही म्हटला तरी पोटात जातो. शेजाऱ्याच्या भाषेची ही सूट आणि समुद्रापलीकडच्या भाषेचा हा धाक, याला उच्चारशुद्धी म्हणत नाहीत. भाषेपेक्षा मेनूकार्डावरच्या किमतीशीच याचं नातं जास्त दिसतं.

इंग्रजांनी आपल्या खिचडीचं 'केजरी' केलं, तिच्यात धुरावलेला मासा आणि उकडलेलं अंडं घातलं आणि न्याहारीला खाल्लं. तमिळ 'मिळगु तण्णीर', म्हणजे मिऱ्याचं पाणी, त्याचं 'मलिगटॉनी' करून मटणासकट सूप म्हणून वाढलं. कुणी माफी मागितल्याचं ऐकिवात नाही. 'चाय टी' तर अजून विकतात.

शेवटचा मुद्दा घरचा. कॅफेत आपण 'पीत्सा' म्हणता ते अगदी बरोबर आहे, इटालियन उच्चार तसाच. तो 'त्स' आपण कुठल्याशा व्हिडिओवरून घोटून घेतला असावा. चकलीतला 'च' नेमका तोच आहे. पण दिवाळीत आपल्या तोंडून चकली येते ती चिवड्यातला 'च' लावून, आणि मिसळीचं तर 'मिसल' कधीच झालंय. तेव्हा विनंती एवढीच की, जो पदार्थ मागायचा तो देणाऱ्याला कळेल असा मागावा, मागची रांग अडवू नये, आणि फावल्या वेळात 'ळ'चा सराव करावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रांगेतला एक