बेअरिंग गेलं

उंद्रीच्या स्टँडवर गाडीचं बॉनेट नुसतं उघडून उभं राहावं. हातातला चहा निम्मा होईस्तोवर मामा हजर. बोलवावं लागत नाही. ते नेमके कुणाचे मामा हे गावात कुणालाच धड सांगता येत नाही, पण निदान करण्यापुरते सगळ्यांचेच. (उंद्री म्हणजे आमची, चिखली तालुक्यातली, खामगाव रस्त्यावरची. पुण्यात आहे ती उंड्री. तिथे मामा नसतात, ॲप असतं.)

मामांकडे चारचाकी नाही, कधी नव्हती. एक लुना आहे. ती सुरू करायला ते पोरांना हाक मारतात.

त्यांचं सगळं यंत्रशास्त्र बंडीवर उभं. बंडीला आस, चाक आणि चाकावर लोखंडी धाव. कुरकुरली तर वंगण, डगमगली तर आस पाहा. तिसरा आजार बंडीला नाहीच. पुढे गावात जीप आल्या आणि मामांना कुणीतरी बेअरिंग दाखवलं. तेव्हापासून उंद्रीत थांबलेल्या प्रत्येक गाडीचं बेअरिंग गेलेलं असतं. एसी गार करत नाही, बेअरिंग. ॲव्हरेज देत नाही, बेअरिंग. एकाचा मोबाइल खरखरत होता, तोही मामांनी कानाला लावून डोळे मिटले होते. मालकाने वेळीच काढून घेतला.

पोळ्याला गावी गेलो होतो. पाऊस झालेला, तरी हौसेने गाडी वावरापर्यंत नेली. दोन दिवसांनी मेहकरहून समृद्धीवर चढलो. कारला 120 ची परवानगी, पण 90 गाठले आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. 95 ला तर पिठाच्या चक्कीला हात लावल्यासारखं. 110 ला जरा कमी, 80 ला गप्प. समृद्धीवर मनात आलं म्हणून माघारी वळता येत नाही; पुढच्या इंटरचेंजपर्यंत तसाच थरथरत गेलो आणि गावी परतलो.

मामांनी आधी गाडीला एक फेरी मारली. मग पहिला प्रश्न : “केवढ्याले घेतली?” आकडा ऐकून मान हलवली. रोगाचं मूळ तिथेच आहे, अशी.

“चाल, खामगाव रोडले घे.”

शेजारी बसून त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं स्टेअरिंगवर टेकवली. वैद्यबुवा नाडी पाहतात तशी. डोळे मिटले. मी वेग वाढवू लागलो तसे उघडले.

“साठच्या वर नको नेऊ बाप्पा. मराचं हाय काय?”

रोग नव्वदला, तपासणी साठला. स्टेअरिंग लोण्यासारखं. मामांनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “बेअरिंग गेलं.”

“पण मामा, बेअरिंग गेलं की घूं घूं आवाज येतो म्हणतात.”

“घूं करते ते म्हतारं बेअरिंग. तुह्यं तरणं हाय, थरथरते नुसतं.”

यावर काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी चिखलीला टायरवाल्याकडे गेलो. मामा आलेच, पेशंट त्यांचा होता. टायरवाला विशीतला पोरगा. त्याने गाडीकडे पाहिलंही नाही. कितीवर होते? ब्रेक मारल्यावर, का तसंच? हातात जाणवते, का बुडाखाली? झाले तीन प्रश्न. बुडाखाली असतं तर मागची चाकं, ब्रेकला असतं तर डिस्क. हातात, आणि तेही ठरावीक वेगालाच, म्हणजे पुढच्या चाकाचं बॅलन्सिंग. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “लेकरू हाय अजून.”

लेकराने डावं चाक उतरवलं. रिमच्या आतल्या अंगाला काळ्या मातीचा थर, वाळून टणक, एकाच बाजूला. असेल पन्नासेक ग्रॅम, मेदूवड्याएवढी. पण 100 च्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास 15 वेळा फिरतं, आणि एवढीशी माती त्याला आठेक किलोच्या जोराने बाहेर ओढते. दर फेरीत एकदा खाली, एकदा वर. वेग निम्मा केला की ओढ पावपट. म्हणून मामांच्या बोटांना काही लागलं नव्हतं. आणि नव्वदच्या आसपास हे धक्के नेमके सस्पेन्शनच्या स्वतःच्या झोक्याशी जुळतात, म्हणून तिथे तमाशा आणि पुढे थोडी उसंत. पोराने स्क्रूड्रायव्हरने माती खरवडली, चाक धुतलं, मशीनवर फिरवून एक छोटं वजन ठोकलं.

मला वाटलं, आता तरी मामा हिरमुसतील. ते खाली वाकून ढेकूळ शोधत होते. सापडलं, ते त्यांनी दोन बोटांत चुरडलं, तळहातावर पसरून उन्हात धरलं. यावेळी डोळे मिटले नाहीत.

“हे तुह्या वावरातली नाही.”

“मामा, मी दुसरीकडे गाडी नेलीच नाही.”

“मंग हे पांढरे खडे कोठचे? चुनखडी हाय हे. तुह्या वावरात चुनखडीचा दाणा नाही, तुह्या बापासंग वखर हाणला म्या तिथं. वरच्या वावरातली माती वाह्यत आली तुह्या वाटेवर. धुरा फुटला असंन. जाऊन पाह्य.”

संध्याकाळी गेलो. वरच्या अंगाला सातआठ हात धुरा फुटून सोयाबीनच्या चार तासांत गाळ बसला होता. मामा मागून लुना ढकलत आले.