गाय है साब, गाय!

बैठकीचा घोडा चांगला असेल तर मालक तो विकेल कशाला? आणि विकायला काढला असेल तर तो चांगला असेल कशावरून? घोड्यांच्या व्यवहाराचं सगळं शास्त्र या दोन प्रश्नांत मावतं. बाकी मग झूल, गोंडे, घुंगरू आणि व्यापाऱ्याची जीभ. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहून हेच मांडलं. मालाची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा सगळ्याच मालाला खोडीलाचा भाव देतो आणि चांगल्या मालाचा मालक घरीच बसतो. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला आणि पुढे २००१ साली त्याच कामाला नोबेल मिळालं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एखाद्या संपादकाने अर्धा तास काढला असता, तर पहिल्या फेरीतच छापला असता.

आमच्या धाकट्या मेव्हण्यांना घोडा घ्यायचा होता. घोडा म्हणजे रुबाबाचा नव्हे, चालवायचा. सकाळी शेतावरून फेरफटका मारता यावा, हाक मारली की थांबावा, ट्रॅक्टर दिसला की उसात घुसू नये. मागणी साधी होती. बायकोने मला सोबत धाडलं ते घोड्याची पारख करायला नाही, तर भावाच्या हातातल्या पिशवीवर लक्ष ठेवायला.

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. दर्शन एकमुखी दत्ताचं आणि गर्दी घोड्यांची. कानांची टोकं एकमेकांना टेकवून उभे असलेले मारवाडी, त्यांचेच भाऊबंद काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे. वर्तमानपत्रात फोटो येतो तो त्या घोड्याचा, ज्याला कुणीतरी भलीमोठी रक्कम देऊ केली आणि मालकाने मान हलवली. या बाजारात सर्वांत महाग घोडा तो, जो विकला जात नाही. विकले जातात त्यांच्यातले बरेच जण थेट चेतकाच्या वंशातले. हळदीघाटी १५७६ सालची. त्या धामधुमीतही चेतकाने वंशविस्ताराला भरपूर वेळ काढला असला पाहिजे.

आधी खुणा बघायच्या. चारी पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असेल तर पंचकल्याण, म्हणजे किंमत वर. डोळ्याखाली भोवरा असेल तर आसूढाळ, म्हणजे मालकाला रडवणार. गळ्यावर देवमण असला की बाकीचे दोष माफ. आम्ही दाखवलेल्या प्रत्येक दोषावर व्यापाऱ्याच्या बोटाला देवमण सापडत गेला. मग दात. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास दुधाचे पुढचे दात जोडीजोडीने पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. त्यापुढे दातांची झीज वाचायची. ही झीज कानस घेऊन खाडाखोड करता येण्याजोगी आहे, ही माहिती मेव्हण्यांनी सोबत आणलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी हळूच कानात सांगितली. मग एकदम पाच वर्षांचे घोडे इतके का दिसतात, ते कळलं.

“स्वभावाला कसा आहे?” मेव्हण्यांनी विचारलं.

“गाय है साब, गाय! बच्चा भी बैठ जाए.”

पुढच्या दावणीलाही गायच होती. त्यापुढेही. घोड्यांच्या बाजारात एवढं गोधन बघून मी डॉक्टरांकडे पाहिलं. गाईने तेवढ्यात त्यांच्या टोपीवर झडप घातली.

शिकवलेला घोडा मिळत नाही असं मात्र म्हणू नये. सगळे शिकलेलेच असतात. कशासाठी, ते विचारायचं राहतं. मेव्हण्यांनी पहिल्यांदा ज्याच्यावर मांड टाकली, तो वरातीतला होता. तीन पावलं चालायचा आणि थांबायचा, पुढे माणसं नाचतात म्हणून. पलीकडे ढोल वाजला तसे त्याने पुढचे पाय उचलले आणि जागच्या जागी असा नाचला की लोकांनी मेव्हण्यांवरून नोटा ओवाळल्या. दुसरा शर्यतीतून निवृत्त झालेला, उंचपुरा, इंग्रजी वळणाचा. मुंबई-पुण्याच्या शर्यतींत घोडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, त्यामुळे उजवीकडे वळायला एका पायावर तयार. डावीकडे म्हटलं की विचार करायचा. लगाम ओढला की त्याला वाटायचं, आता खरी शर्यत सुरू झाली. तिसरा माथेरानला नोकरी केलेला. स्वभाव खरोखर उत्तम, पण जिथे म्हणून दरी किंवा उंचवटा दिसेल तिथे उभा राहायचा आणि पाठीवरच्या माणसाचा फोटो काढून होईपर्यंत हलायचा नाही. तिन्ही विद्वान. आपापल्या विषयात त्यांना तोड नव्हती.

शेवटी घेतली ती घोडी, आणि तीही बाजारातून नाही. एका म्हाताऱ्या मोतद्दाराने पत्ता दिला. तिची तारीफ करायला कुणी नव्हतं, म्हणून डॉक्टरांना पसंत पडली. रक्ताची तपासणी झाली, शेंब्या रोग नाही असा दाखला आला, नालबंदाने खूर बघितले. सौदा रुमालाखाली बोटं दाबून झाला. मेव्हण्यांना ती बोटांची भाषा येत नव्हती आणि मालकाला ऐकू कमी यायचं, पण जमलं.

ती निघाली लाखात एक. रेवाल चालीची, पाठीवर पेला ठेवला तर पाणी सांडू नये अशी. लगामाला इतकी हलकी की मेव्हणे मान वळवून शेजारच्या बांधाकडे बघायचे आणि घोडी तिकडे चालू लागायची. बरीच वर्षं छान गेली. मग मेव्हण्यांचे गुडघे गेले आणि ती विकायची वेळ आली.

इथे अकरलॉफ दुसऱ्या बाजूने भेटला. खरं बोलायला मेव्हण्यांकडे शब्दच उरले नव्हते. सगळे व्यापाऱ्यांनी आधीच वापरून ठेवले होते. “गरीब आहे” म्हटलं की गिऱ्हाईक दोन पावलं मागे. “पोरं बसतात” म्हटलं की चार. “गुडघ्यांमुळे विकतोय” हे तर कुणालाच पटेना. एकाने घोडीऐवजी मेव्हण्यांनाच चार पावलं चालून दाखवायला सांगितलं. एकाने किंमत ऐकून विचारलं, “एवढ्यात नाचणारी येत नाही का?” एक नुसता फोटो काढायला आला होता, त्याच्याबरोबर फेटाही होता.

वैतागून मेव्हण्यांनी पुढच्या माणसाला तोंडावर सांगितलं, “प्लास्टिकची पिशवी उडाली की बिचकते. घ्यायची तर घ्या.” तो माणूस खुलला. खोड सांगणारा मालक त्याला पहिल्यांदाच भेटला होता. त्याने घासाघीस न करता पैसे मोजले.

आठवड्याभरात त्याचा फोन आला. घोडी बिघडली म्हणे. मध्येच थांबते, मध्येच आडवी चालते, काल उलटी चालत गोठ्यात गेली. मेव्हण्यांनी शांतपणे विचारलं, तुम्ही बसता कसे? कळलं ते असं, की गडी पडण्याच्या भीतीने टाचा रुतवून, लगाम आवळून, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे झुकून बसत होता. आणि घोडी त्याचा प्रत्येक हुकूम इमानेइतबारे पाळत होती.

मेव्हणे दोन दिवस तिकडे जाऊन त्याला शिकवून आले. परतल्यावर मी विचारलं, “कसा आहे?”

“माणूस चांगला आहे, दाजी,” ते म्हणाले, “पण तोंडाचा कडक. घोडी काढेल वळणावर.”