शेडमास्तर

वाटूर फाट्यावर उतरून 'शेडमास्तर कुठं बसतात?' असं विचारलंत, तर पानटपरीवाला उलट विचारतो, "कशासाठी? माणूस वारलाय का मिरची लावायचीय?"

त्याचा प्रश्न रास्त आहे. आमच्या जालना जिल्ह्यात बियाण्याचा धंदा मोठा, शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोच्या बियाण्याचे प्लॉट घेणारे शेतकरी पुष्कळ. त्यामुळे 'शेडमास्तर' या नावावर दोन जातीची गिऱ्हाइकं येतात. एकाला गेलेल्या माणसाचं पेन्सिलचित्र हवं असतं, दुसऱ्याला गुंठ्याचा भाव. मास्तर दोघांनाही सारख्याच अगत्याने बसवतात आणि दोघांनाही पहिला प्रश्न एकच विचारतात, "उजेड कोणत्या बाजूनं येतो?" मंठ्याकडचा एक शेतकरी पाऊण तास वहीत टिपून घेत होता. सावली किती टक्के, कुठे दाट, कुठे विरळ. उठायच्या वेळी त्याला कळलं की एवढा वेळ नाकाच्या डाव्या बाजूबद्दल बोलणं चाललं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, दोन्हीला 'ए' ग्रेड, मग एटीडी, मग चित्रकलेच्या शिक्षकाची जागा निघायची वाट. ती वाट बघता बघता त्यांनी फाट्यावर पत्र्याची एक खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली, 'येथे हुबेहूब चित्र काढून मिळेल'. पाटीचा 'हु' पावसाने गेला. हल्ली तिथे नुसतंच 'बेहूब' मिळतं.

हा माणूस जगाकडे माणसांचं जग म्हणून बघतच नाही. त्याला दिसतात त्या फक्त छटा. चहा आला की आधी ग्लास फिरवून काचेवर उजेडाचा ठिपका कुठे पडला ते बघणार, मग प्यायचा. तोवर चहावर साय धरलेली. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून सांगणार, "हलू नका, तुमच्या जबड्याखाली चार-बी पडलाय." आणि माणसांची प्रतवारीही त्याच मापात. गावचे पोलीस पाटील टू-एच : कडक, कितीही दाबा, उमटत नाहीत. एक पुढारी सिक्स-बी : लगेच उमटतो आणि लगेच पसरतो, हात लागला की आपला हात काळा.

या मापामागे त्यांचा सिद्धांत आहे, आणि तो ऐकल्याशिवाय सुटका नाही. "शिसपेन्सिलीत शिसं नसतंयच," मास्तर सुरू करतात. "आत ग्रॅफाइट अन् माती. 1795 साली कॉन्ते म्हणून एक फ्रेंच माणूस होता. इंग्रजांशी लढाई जुंपलेली, तिकडून ग्रॅफाइट येईना. मग गड्यानं हलक्या भुकटीत माती मळली अन् भट्टीत भाजली. माती जास्त तर पेन्सिल कडक, माती कमी तर काळी." इथे ते आपल्याकडे असे बघतात, की आपल्यात किती माती आहे याचा अंदाज चाललाय असं वाटावं.

पण मास्तरांचं खरं दुखणं म्हणजे ग्रॅफाइट आणि कोळसा यांची एका कागदावर सोयरीक जुळवणं. नुसत्या ग्रॅफाइटने गालाची कातडी, कपाळाच्या आठ्या, पापणीची कड अशी उतरते की बोट लावून बघावं. पण काळं म्हणजे काळं त्याला येत नाही. दाबून घासावं तर ते काळं होण्याऐवजी चमकायलाच लागतं. त्याचे चपटे पापुद्रे कागदावर आडवे पडतात आणि उजेड परत फेकतात. समोरून बघितलं तर आजोबांचे केस काळे, दारातून बघितलं तर पांढरे. कोळशाचं उलट. तो उजेड गिळतो, परत काही देत नाही. "दोघं सख्खे भाऊ," मास्तर म्हणतात, "बाप एकच, कार्बन. पण एक शहरात जाऊन चमकाय लागला, दुसरा चुलीपाशीच ऱ्हायला. आता एका ताटात जेवत न्हाईत."

जेवत नाहीत हे खरं आहे. घोटलेल्या ग्रॅफाइटवर कोळशाची पेन्सिल फिरवली की ती नुसती घसरते. कागदाचा दाणाच दबून गेलेला, कोळशाने धरायचं कशाला? "तूप लावलेल्या ताटावर रांगोळी काढून बघा," मास्तर सांगतात. म्हणून काळ्याची जागा आधीपासून राखून ठेवायची, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तशी. बुबुळ, नाकपुड्या, मिशीची मुळं, काळा कपडा इथे ग्रॅफाइटने पाऊल टाकायचं नाही. बाकी चेहरा ग्रॅफाइटचा, तोही हलक्या हाताने. जिथे दोघांची गाठ पडते तिथे कोळसा आधी बसवायचा, मग ग्रॅफाइटने कडेकडेने समजूत घालायची. आणि हाताखाली कोरा कागद हवाच. नाहीतर कोळशाची धूळ गालावर पडते आणि धुतल्या तांदळासारखा माणूस देवीचे व्रण घेऊन स्वर्गात जातो.

घरी या सिद्धांताचे परिणाम मास्तरीणबाई भोगतात. जुने चित्रकार चिंचेच्या काड्यांचा कोळसा वापरत हे कळल्यापासून मास्तर बिस्किटाच्या डब्यात काड्या कोंबतात, झाकणाला एक भोक ठेवतात आणि डबा चुलीत पुरतात. भोकातून धूर यायचा थांबला की कोळसा तयार. तोपर्यंत स्वयंपाक बंद. चिंच झाली, मग पऱ्हाटी झाली, मग घरच्या झाडूवर नजर गेली तेव्हा बाईंनी चूल ताब्यात घेतली. रबर निघण्याआधी लोक पावाच्या मऊ भागाने कोळसा उचलत, असंही मास्तरांनी कुठेतरी वाचलं. फाट्यावर पाव मिळतो, पण स्वाभिमान म्हणून त्यांनी ज्वारीची भाकरी लावून बघितली. ज्वारीच्या पिठाला तो चिकटपणा नाही; भाकरीने कागदावर भुगा तेवढा सोडला. चित्राला मुंग्या लागल्या.

आमच्या आबांचं वर्षश्राद्ध आलं तेव्हा मीही मास्तरांच्या पायरीवर जाऊन बसलो. आबांचा घरात एकच फोटो, आधार कार्डावरचा. त्या फोटोतला माणूस आबा आहे हे फक्त सरकारला मान्य होतं. मास्तरांनी भिंगातून बघितलं आणि घरच्यांच्या साक्षी काढायला सुरुवात केली. तीळ उजव्या गालावर की डाव्या यावरून दोन चुलते महिनाभर बोलत नव्हते. कोट काळा होता यावर मात्र एकमत झालं. कोर्टाच्या तारखेला आबा तोच घालत. 'काळा कोट' ऐकून मास्तरांचे डोळे असे लकाकले, की तेवढ्या जागेवर ग्रॅफाइट घोटल्यासारखं वाटलं.

तीन महिने कोट चालला. मी विचारायला गेलो की मास्तर म्हणायचे, "अजून काळा व्हायचाय." श्राद्धाच्या आदल्या रात्री चित्र घरी आलं. कोट खरोखर विहिरीसारखा काळा होता, डोकावून बघावंसं वाटे. पण काच नव्हती आणि स्प्रेही मारला नव्हता. कारण विचारलं तर म्हणाले, "स्प्रे बसला की कोळसा आणखी एक घर खाली उतरतो. मग सगळा तोल जातो. इतक्यात नको."

सकाळी आत्या परभणीहून आली. चित्रासमोर बसली, रडली आणि पदराने आबांचं तोंड पुसलं. कोटापासून वर, गालापर्यंत. आम्ही सगळे ओरडलो. मास्तर ओरडले नाहीत, कारण त्यांचा आवाजच फुटेना. आबांच्या गालावर आठवडाभराची दाढी आली होती, डोळ्यांखाली काळवंडलं होतं, जबड्याची कड धुरकट झाली होती. आत्याने पदर खाली घेतला, बघितलं आणि म्हणाली, "आता दिसायलेत आमचे आबा."

शेवटच्या दुखण्यात आबा असेच दिसत. घरात एक माणूस बोलला नाही. चुलत्यांचा तीळही त्या काळ्यात कुठेतरी मिटून गेला होता. मास्तर पुढे झाले, एक डोळा मिटून चित्राकडे बराच वेळ बघत राहिले, मग हात जोडून आत्याला म्हणाले, "ताई, पदर सुती हाय का?"

त्या दिवसापासून मास्तरांच्या खोलीत पेन्सिलींच्या डब्याशेजारी जुन्या सुती लुगड्याची एक चिंधी घडी घालून ठेवलेली असते. तिला ते हात लावू देत नाहीत.

परवा चहा पिताना धीर करून मी विचारलं, "मास्तर, मी कोणत्या नंबरचा?" त्यांनी ग्लास खाली ठेवला, मला उजेडाकडे तोंड करून बसवलं, एक डोळा मिटला.

"एचबी," ते म्हणाले. "परीक्षेला चालता." आणि कोटाचे सहाशे रुपये अजून यायचेत, तेही त्याच दमात सांगितलं.