मिनिटाला एक फेरी

संगमेश्वरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम सतरा अंशांवर असतो. गावात ह्यावाचून कुणाचं काही अडत नाही. पण ज्याला रात्री ताऱ्यांचे फोटो काढायची खाज आहे, त्याचं सगळं घोडं ह्या आकड्यापाशीच अडतं. शास्त्री-सोनवीच्या खोऱ्यात जिकडेतिकडे डोंगर, त्यामुळे इतका खाली बसलेला ध्रुव दिसायचा तर उत्तरेचा डोंगर आडवा येणार नाही अशी जागा हवी. मला ती आमच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या बाजूला मिळाली. टाकी भरून वाहिली की पाय भिजतात, एवढीच गैरसोय.

प्रकार असा आहे. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. कॅमेरा तिवईवर पक्का ठेवून शटर मिनिटभर उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या ठिपक्यांऐवजी रेघोट्या उमटतात. त्यावर तोड म्हणजे पृथ्वी फिरेल तेवढ्याच वेगाने कॅमेऱ्याला उलट बाजूला कलवत नेणारी फळी. मोटर लावलेली तयार मिळते, पण तिची किंमत मी घरात सांगितली तेव्हा कुणी काहीच बोललं नाही, आणि आमच्याकडे ह्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. तेव्हा फळी हाताने कलवायची ठरलं.

‘छोटी फळी हाताने हळूहळू तिरकी करायचीय’ एवढं वाक्य बाजारात उच्चारलं की काम फत्ते. पुढचा विचार गाव करतं.

गॅरेजवाल्या दादाने गाडीचा जॅक काढून दिला. जॅक भला, पण तो गाडी उचलायला जन्माला आलेला. माझा कॅमेरा लेन्ससकट किलोभराचा. त्याला तो एका फेरीत असा वर ढकलतो की मृगाऐवजी शेजाऱ्यांची माडी फोटोत येते. शेजारच्या अण्णांना विहिरीवरची पाणी ओढायची लाट आठवली. एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला कॅमेरा. “बोटानं हलते ओ!” म्हणाले. तीच तर अडचण होती, वाऱ्यानेही हलते. वेल्डरने मंडपाच्या तारा ताणायचा टर्नबकल पुढे केला. कल्पना वाईट नव्हती, पण त्यात एका बाजूला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला डावे. एका फेरीला दोन्ही टोकं सरकतात, म्हणजे चाल दुप्पट. मला हवी होती निम्मी.

सुतारकाका मात्र एकच शब्द बोलले: “पाचर.” दर मिनिटाला हातोडी मारून तारे टिपायचे कसे, हे मी विचारलं नाही, कारण काका कमी बोलतात आणि रंधा हातात असताना तर मुळीच बोलत नाहीत. पण पाचरीचं खरं काम दुसरीकडे निघालं. अशा फळीला कल दोन लागतात. एक कायमचा: फळी ज्या बिजागरीवर फिरते तिची दांडी, आकाश ज्याभोवती फिरतं त्या ध्रुवाकडे रोखण्यापुरता. दुसरा चालता: ताऱ्यांचा पाठलाग करण्यापुरता. पहिल्यासाठी कसलंही यंत्र नको. फूटभर फळीचं एक टोक साडेतीन इंच उचललं की सतरा अंश होतात. ध्रुवाची उंची म्हणजे गावचा अक्षांश, आणि गावावरून जाणाऱ्या महामार्गाचं रुंदीकरण कितीही वर्षं चालो, संगमेश्वरचा अक्षांश काही त्यापायी सरकत नाही. काकांनी फणसाच्या लाकडाची पाचर तासून दिली आणि पैसे विचारले तेव्हा मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे अजून ठरायचंय.

चालत्या कलाचा तोडगा १९७० च्या दशकात हेग नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने काढून ठेवलाय. दोन फळ्या, मध्ये बिजागरी, आणि वरची फळी उचलणारा एक बोल्ट. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टचे आटे एकेक मिलिमीटरवर असतात, म्हणजे एक फेरी, एक मिलिमीटर. बिजागरीपासून २२८.६ मिलिमीटरवर हा बोल्ट बसवून मिनिटाला एक फेरी दिली की फळी बरोबर आकाशाच्या वेगाने उघडते. आता हे २२८.६ म्हणजे नेमके नऊ इंच! बोल्ट मेट्रिक, टेप काकांची इंचांची, आणि पृथ्वीचं फिरणं दोघांत बसलं. काका पहिल्यांदाच हसले.

कोकणात आकाशासाठी ओटे बांधायची रीत जुनी आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गाला आला होता. किल्ल्यातल्या त्या जागेला अजून ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. हेलियम तिथेच सापडला असं मोठ्या अभिमानाने सांगतात, पण सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ त्याने १८६८ मध्ये इंग्लंडातच पाहिली होती. तरी माणूस दोनेक मिनिटांच्या काळोखासाठी समुद्र ओलांडून आला, हे काय कमी आहे? आमच्या घरी मला मिनिटाला एक फेरी फिरवायला स्लॅबवर जायचं म्हटलं तरी जाब द्यावा लागतो.

बोल्टाला मूठ म्हणून लोणच्याच्या बरणीचं झाकण चिकटवलंय. त्यावर चुन्याच्या चार खुणा, दर पंधरा सेकंदांना एक. घड्याळाचा सेकंदकाटा बघत झाकण त्याच्यासोबत फिरवायचं. भाच्याला बसवलं तर तो मोबाइल बघत एकदम अर्धी फेरी देऊन भरपाई करतो. सगळ्यांत सरळ हात आईचा निघाला. ती रामरक्षा म्हणत झाकण फिरवते आणि घड्याळाकडे फक्त खात्रीपुरतं बघते. तिच्या फोटोत कृत्तिका सुट्या सुट्या येतात, माझ्या फोटोत अजून थोड्या शेपट्या असतात. मात्र दहाएक मिनिटांच्या वर तिलाही बसवू नये. सरळ बोल्टाचं गणित पुढे पुढे चुकत जातं, आणि स्लॅब गार पडतो.

कुणाला करायचंच असेल तर जॅक, लाट, टर्नबकल ह्यांच्या नादी लागू नका. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा घ्या, साधा आमच्याकडच्या एका पावसाळ्यात गंजून जाम होतो. बिजागरी अशी निवडा की दोन बोटांत धरून हलवली तर खडखडणार नाही. पाचर आपापल्या गावच्या अक्षांशाची करा, पुण्याला साडेअठरा अंश, नागपूरला एकवीस. नऊ इंच मात्र सगळीकडे नऊच.