दीड मिलिमीटरवाले मिस्त्री

गोंदिया जिल्ह्यात तालुक्यागणिक असा एक मिस्त्री असतोच. पाटीवरचं नाव ग्रीसखाली कधीच बुजलेलं, पण त्यावाचून कोणाचं अडत नाही. 'मोजत बसणारे मिस्त्री कुठे?' एवढं चौकात विचारलं की पानठेल्यावरचं शेंबडं पोरही बोट दाखवतं.

धान निघायच्या दिवसांत त्यांच्या दारात थ्रेशरवाले, ट्रॅक्टरवाले आणि राइस मिलचा मुनीम ताटकळत असतात. मिस्त्री मात्र आत एका आरएक्स-१०० च्या उघड्या पोटात टॉर्च मारून बसलेले. गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, तेव्हा तिच्या आजच्या मालकाचा जन्मही झालेला नव्हता. त्याची मागणी साधी आहे: शंकरपटातल्या बैलजोड्यांनी मान वळवून पाहावं, एवढी ती पळाली पाहिजे.

त्यासाठी पोट्ट्यानं क्रँकपिन २ मिलिमीटर बाहेर सरकवून आणली आहे. ५० चा स्ट्रोक ५४ झाला, ९८ सीसीचे १०६ झाले. पिस्टन आता २ मिलिमीटर जास्त वर जातो. हेडला लागू नये म्हणून बॅरलखाली तेवढ्याच जाडीचं पॅकिंगही त्यानं कापून आणलंय. काम फत्ते, असा त्याचा हिशोब.

"अन् खाली?" मिस्त्री विचारतात.

"खाली पॅकिंग टाकलं ना, मिस्त्रीजी."

"पॅकिंगनं बॅरल वर जाते बाप्पा, पिस्टन थोडीच जाते!"

इथून मिस्त्रींचा खरा दिवस सुरू होतो. वरची ठोकर सगळ्यांना दिसते, खालची कोणी पाहत नाही, हे त्यांचं जुनं दुःख. पिस्टन जेवढा जास्त वर तेवढाच जास्त खाली, आणि खाली क्रँकची चाकं फिरताहेत. पिस्टनच्या स्कर्टची, म्हणजे खालच्या घेराची, कड आणि चाक यांच्यात दीड मिलिमीटर जागा हवी म्हणजे हवी. हातानं फिरवून लागत नाही, हा पुरावा ते मानत नाहीत. हातानं फिरवताना कनेक्टिंग रॉड दाबला जात नाही, पिस्टन तापत नाही, बेअरिंगही अजून ढिली झालेली नसते. मंडईच्या जत्रेला निघालेली गाडी आठ हजारांवर गेली की हे सगळं एकदम होतं, आणि मग स्कर्टचा तुकडा नेमका नको तिथे जाऊन बसतो.

जागा मोजायला स्कर्टच्या खालच्या कडेला मऊ काहीतरी लावायचं, पिस्टन हळूच तळाशी नेऊन आणायचा आणि दबलेल्याची जाडी पाहायची. त्यासाठी घरून कणीक मागवली जाते. गव्हाची कणीक चिवट, दबते आणि पुन्हा फुगते. मिस्त्रींच्या मते ती खोटी साक्ष देते. मग तांदळाची उकड. धानाच्या जिल्ह्यात तिच्यावर जास्त भरवसा, पण तीही वाळली की तडकते. मिस्त्रीणबाई तिसऱ्यांदा परात द्यायला साफ नकार देतात. शेवटी नातवाच्या दप्तरातली रंगीत क्ले जप्त होते, आणि शाळेत नातवाचा हत्ती सोंडेविना उभा राहतो.

क्लेचा काप ब्लेडनं उभा चिरून व्हर्नियर लावला जातो. सव्वा.

"सव्वा त चालते ना, जी?"

मिस्त्री काही बोलत नाहीत. चष्मा पुसतात. पुन्हा मोजतात. पुन्हा सव्वाच. मग कानशीला हात घालतात आणि स्कर्टची कड घासू लागतात. पण जास्त घासली तर पिस्टन वर असताना एग्झॉस्टचं भोक खालून उघडं पडेल, म्हणून दर चार हातांनंतर पिस्टन बॅरलमध्ये, पुन्हा बाहेर, पुन्हा क्ले. बाहेर मुनीम घड्याळ पाहून निघून गेलेला असतो. (मजुरीचा आकडा मात्र मिस्त्री अंदाजेच सांगतात. तिथे शे-दोनशेची क्लिअरन्स दोन्हीकडून गृहीत असते.)

संध्याकाळी दीड भरतं. पोट्टा पाना उचलतो, तेवढ्यात मिस्त्री म्हणतात, "हे झालं मॅग्नेटकडचं. आता क्लचकडचं पाहू."

"पण मिस्त्रीजी, आज मंडई हाय!"

"मंडई त पुढल्या सालीबी येते. आरएक्सचा क्रँक येते काय?"